जन्म दुसरीकडे झाला म्हणून

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे.)



मी काही चित्रकार नाही. मी बोर्ड रंगवणारा माणूस. दुकानांच्या पाट्या, मोर्चाचे बॅनर, कुणी गेलं तर श्रद्धांजलीचा फलक, सगळं रंगवलं. तेव्हा मी उठून स्पेनच्या चित्रकारावर बोलायचं म्हणजे थोडी गंमतच आहे. पण मागच्या बैठकीत एका पोराने विचारलं, 'चित्रं काढून साला होतं काय?' मला उत्तर देता आलं नाही. घरी गेलो, ट्रंकेतून एक जुनं पुस्तक काढलं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेलं, पुठ्ठा उडालेलं. त्यात गोयाच्या वहीतली चित्रं आहेत. आज त्या वहीबद्दल बोलतो.

फ्रान्सिस्को गोया. जन्म १७४६, आरागॉन प्रांतातल्या फुएन्देतोदोस नावाच्या खेड्यात. मरण १८२८, फ्रान्समधल्या बोर्दोत. १७९९ साली तो स्पेनच्या राजाचा पहिला दरबारी चित्रकार झाला. म्हणजे त्या धंद्यातली सगळ्यात वरची खुर्ची. त्याआधी, १७९२-९३ च्या आजारात, त्याचे कान गेले होते. ठार बहिरा. राजा-राणीचे कपडे, हिरे, पदकं रंगवायची आणि घरी येऊन वहीत भलतंच काढायचं, असा हा माणूस.

या वह्या त्याने १७९६ च्या सुमारास सुरू केल्या. दुसऱ्याच वहीत चित्राशेजारी तो एखादी ओळ लिहायला लागला. एका पानावर जेवायला बसलेला साधू आहे. त्याचं नाक एवढं लांब की पेलवत नाही, खाली कुबडी लावलीय. यातल्याच मालमसाल्यातून पुढे 'काप्रिचोस' हा ८० छापचित्रांचा संच निघाला, १७९९ साली. माद्रिदमध्ये अत्तराच्या दुकानात विकायला ठेवला. थोड्याच दिवसांत विक्री थांबली. १८०३ साली गोयाने तांब्याचे पत्रे आणि न खपलेले संच राजाच्या हवाली केले, बदल्यात पोराला पेन्शन मिळवली. त्या संचात एक गाढव आहे. खुर्चीत बसून वंशावळीची पोथी दाखवतंय. पोथीत काय? ओळीने गाढवंच. खाली लिहिलंय, आज्यापर्यंत.

पण आज मला त्या संचाबद्दल बोलायचं नाही. छापायला काढलेलं चित्र माणूस जपून काढतो. मला बोलायचंय ते नंतरच्या वहीबद्दल, जी त्याने कुणाला दाखवायला काढली नव्हती. अभ्यासक तिला 'सी' वही म्हणतात. साधारण १८०८ ते १८१४ ची. हाताएवढी पानं, ब्रश आणि शाई. भिकारी, लुळेपांगळे, स्वप्नं, आणि मधेच पानामागून पान इन्क्विझिशनचे कैदी.

इन्क्विझिशन म्हणजे धर्माचं न्यायालय. स्पेनमध्ये १४७८ साली सुरू झालं. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगिजांनी असंच एक चालवलं, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडून. आरोपीला जाहीर शिक्षा सुनवायची तेव्हा त्याच्या डोक्यावर कागदाची उंच टोकदार टोपी घालायचे आणि अंगात सांबेनितो नावाचा झगा. त्या झग्यावर खुणा आणि चित्रं रंगवलेली असत. शिक्षा संपली की झगा त्याच्या गावच्या देवळात टांगायचा, नावासकट. फाटला की नवा टांगायचा. म्हणजे नातवालाही दर रविवारी कळलं पाहिजे की तो कुणाचा नातू.

मी पाट्या रंगवतो म्हणून मला हे पहिल्यांदा दिसलं. त्यांनी जित्या माणसाचाच बोर्ड केला होता. आणि मनात आलं, तो झगा कुणीतरी रंगवला असणार. माझ्यासारखाच कुणीतरी, पोटासाठी. ब्रश तोच, शाई तीच.

आता गोयाने काय केलं ते बघा. त्याने न्यायाधीशाला मोठं नाक दिलं नाही, शिंगं दिली नाहीत. नुसता कैदी काढला आणि शेजारी कारण लिहिलं. निकालपत्राची भाषा नाही, कलम नाही, देवाचं नाव नाही. एका ओळीत, रस्त्यावरच्या भाषेत. स्पॅनिशमध्ये ती ओळ 'पोर' या शब्दाने सुरू होते. आपल्याकडे तो शब्द शेवटी येतो. म्हणून.

जन्म दुसरीकडे झाला म्हणून.

जीभ वेगळी हलवली म्हणून.

मनाला आवडला त्याच्याशी लग्न केलं म्हणून.

पाय नाहीत म्हणून. हा माणूस कुबड्यांवर आहे, अंगात झगा, डोक्यावर टोपी.

आणि एक, वंश ज्यूंचा म्हणून.

एका पानावर तोंडात बोळा कोंबलेली बाई आहे. गोया लिहितो, बोलत होती म्हणून तोंड बांधलं आणि काठ्यांनी मारलं. मी तिला सारागोसात पाहिली, ओरोसिया मोरेनो. आणि कारण? तिला उंदीर बनवता येत होते म्हणून. वाचल्यावर हसू येतं. मग आपण हसलो याची लाज वाटते. कारण त्या कोर्टात कुणी हसलं नसणार. चांगली शिकलीसवरलेली माणसं गंभीर चेहऱ्याने बसून ते लिहून घेत असणार. विनोद गोयाने केलेला नाही. विनोद त्यांनीच करून ठेवला होता, याने फक्त वरचा रेशमी कपडा काढला.

वंशाबद्दल थोडं सांगतो. १४४९ साली तोलेदो शहरात नियम झाला की ज्यूंच्या वंशातल्या बाटलेल्या ख्रिश्चनांना शहराच्या पदांवर घ्यायचं नाही. १४९२ ला उरलेल्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. धर्म बदला, चर्चमध्ये जा, डुकराचं मांस खाऊन दाखवा, उपयोग नाही. रक्ताची शुद्धता दाखवा. कॉलेजात, चर्चच्या पदावर, सरदारांच्या पंथात जायचं तर चौकशीची माणसं तुमच्या आज्याच्या गावी जाणार, साक्षी घेणार. ही अट कायद्याने पुरती उठायला १८६५ साल उजाडलं. वंशाला, जातकुळीला त्या भाषांत शब्द आहे 'कास्ता'. पोर्तुगीज तो घेऊन आपल्या किनाऱ्याला उतरले, इथे त्यांना त्याचा उपयोग सापडला, आणि इंग्रजांनी त्याचाच 'कास्ट' केला. यापुढे मी काही बोलत नाही. तुम्ही लहान नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. ही चित्रं म्हणजे बातमीदाराचे फोटो नव्हेत. पृथ्वी फिरते हे शोधलं म्हणून, असं लिहून त्याने गॅलिलिओ साखळदंडात काढलाय. गॅलिलिओवर खटला झाला तो रोममध्ये, १६३३ साली, आणि त्याला घरात नजरकैदेत ठेवलं. साखळदंड गोयाचे. पण कारण खरं आहे. पुढे झापाता नावाच्या डॉक्टरचं पान आहे. लपूनछपून ज्यू धर्म पाळतो म्हणून त्याला शिक्षा झाली होती. गोया त्याला नावाने हाक मारून सांगतो, तुझी कीर्ती राहील.

१८०८ साली नेपोलियनने आणि १८१३ साली काडिसच्या संसदेने इन्क्विझिशन बंद केलं. वहीतही उजेड येतो. साधू झगे उतरवून ठेवतात. एक माणूस गुडघ्यावर बसून हात पसरतो, वरून किरणं पडतात, जवळ दौत. खाली लिहिलंय, दिव्य स्वातंत्र्य. आणि १८१४ ला राजा फर्डिनंड सातवा परत आला, त्याने संविधान फेकलं आणि इन्क्विझिशन पुन्हा बसवलं. ते कायमचं गेलं १८३४ ला. तोवर गोया मेला होता.

आता अवघड भाग. हा माणूस कोण होता? त्याने जुन्या राजाचा पगार घेतला. फ्रेंचांनी बसवलेल्या जोसेफ बोनापार्टकडून १८११ साली पदक घेतलं. आणि फर्डिनंड परत आल्यावर त्याचीही चित्रं काढली. १८१५ ला त्याच इन्क्विझिशनने त्याला नागड्या बाईच्या चित्राबद्दल जाब विचारायला बोलावलं. वही त्यांच्या हाती लागली असती तर टोपी त्याच्याच डोक्यावर होती. त्याने वही मिटून ठेवली. १८२४ ला देश सोडला. वही पोराकडे, मग नातवाकडे. १८६६ साली यातली पुष्कळ पानं माद्रिदच्या त्रिनिदाद संग्रहालयाने घेतली, आणि १८७२ ला ते संग्रहालय प्रादो संग्रहालयात मिसळलं. आज ती तिथेच आहेत.

कुणी म्हणेल, भित्रा. मी तसं म्हणणार नाही, कारण मीही पोटासाठी नको त्यांचे बोर्ड रंगवलेत. वही लपवली म्हणून वाचली, हे खरंच आहे. पण लपवलेली वही ओरोसिया मोरेनोच्या कामी आली नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम धरून ठेवा. एक सोडलं की गोया एक तर संत होतो, नाही तर हलकट. तो दोन्ही नव्हता.

तर त्या पोराला माझं उत्तर असं. चित्राने तुरुंगाचं दार उघडत नाही. पण ज्याने शिक्षा दिली त्याचं कारण उघडं पडतं. ते कारण नेहमी मोठ्या शब्दांत गुंडाळलेलं असतं. ते सोडायचं, एका ओळीत लिहायचं, शेवटी 'म्हणून' लावायचं. एवढं या बहिऱ्या माणसाकडून शिकू. पण पान मिटून पन्नास वर्षं कपाटात ठेवायचं, हे शिकायचं नाही.

मागच्या टेबलावर कागद ठेवलेत. ब्रश माझ्याकडे आहेत. चित्र येत नसलं तरी चालेल, नुसतं कारण लिहा. अक्षर मी काढून देतो. मोठं, लांबून दिसेल असं.