घरची वही : वर्षभराचा अनुभव

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मला सांगितलं होतं, अनुभव सांग, उपदेश नको. म्हणून गेलं वर्षभर आमच्या घरात चाललेल्या एका साध्या गोष्टीबद्दल बोलते. आम्ही घरची वही लिहिली. दोनशे पानी वही, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेली, शेजारी दोरीला बांधलेलं पेन. ज्याला जे लिहावंसं वाटेल ते त्यानं तारीख घालून लिहायचं. मी, नवरा, मुलगा, मुलगी लिहायचो. सासूबाईंना लिहिता येत नाही. त्या सांगायच्या आणि नात लिहायची.

घरकामाच्या वाटणीवर आपण गटात कितीदा बोललोय. आकडेही आपल्याला पाठ आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. आणि असं काम करणारे पुरुष मुळात शंभरात २६, बायका ८१. पण हा आकडा घरात सांगितला की उत्तर तयार असतं, 'ते सरकारी आकडे. आपल्याकडे तसं नाही.' वहीला हे उत्तर देता येत नाही, कारण तिच्यात त्यांचंच अक्षर असतं.

पहिल्याच महिन्यात नवऱ्यानं लिहिलं, 'आज पाणी भरलं.' मुलीनं ते वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'तो एकदा भरतो ते लिहायचं, मग ही रोज भरते ते का नाही?' त्या दिवसापासून रोजचं पाणी, रोजचे डबे, रात्रीचं उठणं वहीत यायला लागलं. भांडण न होता वाटणी थोडी बदलली. फार नाही, थोडी. डबे अजून मीच भरते. पाणी मात्र आता मुलगा भरतो.

सासूबाईंनी एकदा सांगायला सुरुवात केली ती थांबल्याच नाहीत. बाळंतपणं, दुष्काळ, रोजगार हमीवर फोडलेली खडी. नातीनं मध्येच विचारलं, 'आजी, लग्नाआधीचं तुझं नाव काय?' त्या गप्प झाल्या, मग हळूच नाव सांगितलं. घरात एकालाही ते ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं, ही आनंदाचीच गोष्ट. पण ज्या बायांचं स्वतःचं नावच बोहल्यावर बदललं गेलं, त्यांची नावं आपणच विचारून लिहायला हवीत. त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता जरा अवघड विषय. माझे वडील वारल्यावर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी वारस म्हणून नावं लागली. पावसाळ्यात भावाचा फोन आला, 'तालुक्याला ये, हक्कसोड पत्रावर सही करायचीय.' मी विचार करते म्हटलं. गणपतीत गेले तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, 'लग्न झाल्यापासून या घरासाठी तू काय केलंस?'

परत आल्यावर मुलीनं वही काढली. आईच्या दुखण्यात मी माहेरी काढलेल्या रात्री तारखांसकट मोजल्या. ३४ भरल्या. ती म्हणाली, 'हे मामाला दाखव.' मी नको म्हटलं. त्या रात्री मी आईसाठी काढल्या. त्यांचं बिल म्हणून मला जमीन नको. तसं मागितलं तर जिला माहेरी जाऊन एकही रात्र काढता आली नाही, त्या बहिणीचा हक्क कमी ठरेल. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अटही गेली. वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असोत वा नसोत, हक्क जन्मानंच येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मुलीनं सेवा किती केली, हे यात कुठंही विचारलेलं नाही. मी सही केलेली नाही. यंदा भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. हेही वहीत आहे.

आणि वहीनं आणखी एक गोष्ट दाखवली. त्या ३४ रात्री सोडल्या तर बाकी सगळ्या रात्री आईजवळ वहिनी होती. तिचं नाव सातबाऱ्यावर नाही आणि कुठल्या वहीतही नाही. भावाकडे हिस्सा मागताना बहिणींनी हे विसरून चालणार नाही. नाहीतर लेकी आणि सुना एकमेकींसमोर उभ्या राहतात आणि जमीन आहे तिथंच राहते.

वहीचा एक नियम आम्ही मध्येच केला. मुलगी वयात आली तेव्हा ती म्हणाली, 'माझं हे लिहायचं नाही.' नाही लिहिलं. ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय लिहायची नाही, हे तेव्हापासून ठरलं. घराची गोष्ट सगळ्यांची असली, तरी अंगावरची गोष्ट जिची तिचीच.

उघड्या खिळ्यावरची वही प्रत्येक घरात चालणार नाही, हेही सांगते. फलटणच्या बेबीताई कांबळेंनी आपलं लिखाण वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. 'जिणं आमचं' पुस्तकरूपात आलं १९८६ साली. जिथं मारहाण आहे तिथं वही सापडणं म्हणजे नवा मार. अशा बहिणीनं वही घरात ठेवू नये. गटाच्या कपाटात ठेवावी, मैत्रिणीकडे ठेवावी. लिहिता येत नसेल तर गटातल्या कोणीतरी लिहून घ्यावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतात तेव्हा कधी, कुठं, कोणी हे विचारतात. तेव्हा बाई 'नेहमीच मारतो' एवढंच सांगू शकते. तारखा असल्या तर तिच्या बोलण्याला धार येते.

तेव्हा माझी सूचना एवढीच. प्रत्येक गटानं एक कुलपाचं कपाट वह्यांसाठी ठेवावं आणि महिन्यातून एक बैठक लिहून घेण्यासाठी द्यावी. आणि कुठल्याही बहिणीनं हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी तो कागद गटात आणून मोठ्यानं वाचावा. त्यानंतरही सही करायची असेल तर तिनं खुशाल करावी. पण न वाचता, 'भाऊ नाराज होईल' म्हणून नको.