माझी मुलगी पंख्यांचे विमान चालवते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा काही चुकले-माकले तर सांभाळून घ्या. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची थोरली वैमानिक कशी झाली ते सांगा, पुष्कळजणी विचारतात." म्हणून उभी राहिले. लेकीचे कौतुक करायला नव्हे. उलट मला तुमच्यापुढे एक गोष्ट कबूल करायची आहे.

आमचे हे एस. टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक. थोरली लहानपणापासून त्यांच्या मागे मागे. २०१७ साली ती गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन बारावी झाली आणि म्हणाली, "आई, मला वैमानिक व्हायचंय." मी पोळ्या लाटत होते. माझ्या तोंडून निघाले, "तव्यावरची पोळी उलट आधी!" मला ती थट्टाच वाटली.

ह्यांनी मात्र थट्टा केली नाही. ते म्हणाले, "आधी डॉक्टरी तपासणी करू. तिथंच अडलं तर पुढचा पैसा तरी वाचेल." हे बोलणे शहाणपणाचे होते. वैमानिकाचे डोळे, कान, हृदय सारे तपासतात. चष्मा ठरलेल्या मर्यादेत चालतो, पण रंग नीट ओळखता आले पाहिजेत. तपासणीत ती पास झाली, आणि मग माझी झोप उडाली.

कारण खर्च पन्नास लाखांच्या घरात. ह्यांच्या वाटणीची दीड एकर उसाची जमीन होती, ती विकली. उरलेल्याला बँकेचे कर्ज. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, मुलीच्या जातीसाठी कुणी काळी आई विकतं का?" मी काही बोलले नाही. रात्री मात्र देवघरापुढे बसून रडले.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान २०० तास विमान चालवावे लागते. त्याबरोबर लेखी परीक्षा: दिशा काढण्याचे शास्त्र, हवामान, हवाई नियम, यंत्राची माहिती. प्रत्येक विषयात शंभरात सत्तर गुण हवेत. रेडिओवर बोलण्याची परीक्षा आणखी वेगळी. दिशेच्या विषयात ती पहिल्या खेपेस नापास झाली. पुन्हा बसली आणि निघाली. २०२० च्या फेब्रुवारीत परवाना हाती आला. आम्ही पेढे वाटले, ते तुम्हीही खाल्लेत.

पुढच्याच महिन्यात करोना आला. २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमाने दोन महिने जमिनीवर उभी राहिली. मे अखेरीस ती पुन्हा सुरू झाली, पण नवीन मुलांना घेणार कोण? होते त्यांनाच काम नव्हते. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे आम्हाला तेव्हा कळले. थोरली दोन वर्षे घरात बसली. वस्तीतल्या मुलांना गणित शिकवी, आपल्या मंडळाच्या पापडांचे हिशेब लिही. रात्री मात्र वह्या काढून तेच तेच पुन्हा वाची. बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

आता कबुली. त्या दिवसांत तुम्ही विचारायचात, "काय म्हणतेय वैमानिकीण?" आणि मी सांगायची, "मोठ्या कंपनीत निवड झालीय, बोलावणं येईलच." ते साफ खोटे होते. कसलीही निवड झाली नव्हती. मला लाज वाटत होती, म्हणून खोटे बोलले. थोरलीने एकदा ते ऐकले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "आई, मी नापास झाले तेव्हा लपवलं नाही. तू का लपवतेस?" एवढेच म्हणाली.

आणि भगिनींनो, तुम्हाला खरे ठाऊक होते! तरी कुणी तोंडावर बोलून दाखवले नाही. हप्ता थकला त्या महिन्यात तुम्ही चिठ्ठी न टाकता भिशीची उचल माझ्या हाती दिलीत. ते मी विसरलेले नाही.

२०२२ साली एका लहान विमान कंपनीचे बोलावणे आले. विमान पंख्यांचे, सत्तरेक माणसांचे. आणि बघा माझी बुद्धी! मी म्हटले, "पंख्यांचं? जुनं-पुराणं दिसतंय. मोठ्या विमानासाठी थांबावं का आणखी?"

तिने मला समजावून सांगितले. ए. टी. आर. नावाचे हे विमान फ्रान्समध्ये तयार होते आणि आजही नवे बनते. आत जेटसारखेच टर्बाइन असते, फक्त त्याची बहुतेक ताकद बाहेरचा पंखा फिरवण्यात जाते. जवळच्या अंतराला त्याला इंधन कमी लागते आणि आखूड धावपट्टी पुरते. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब, तर लक्षद्वीपात अगत्तीची सुमारे बाराशे मीटर. तिथे हेच विमान उतरते. हे फार उंच जात नाही, म्हणून ढग, पाऊस, धक्के जास्त. पंखांवर बर्फ धरला तर पुढच्या कडेचे रबर फुगते आणि बर्फ फोडते. दिवसाला चार-चार वेळा चढायचे, चार वेळा उतरायचे. "आई, सणावारी पुरणपोळी करणारीचा हात चांगला, की रोज दोन वेळा पोळ्या लाटणारीचा?" यावर मी काय बोलणार!

नोकरी लागली तरी शिक्षण संपत नाही. या एका विमानाचे शिक्षण वेगळे. त्याचा खर्च कंपनीने केला, पण अमुक वर्षे सोडून जाणार नाही असे लिहून घेतले. विमानासारख्या बंद खोलीत इंजिन बंद पडले, आग लागली, असे खोटे प्रसंग आणून परीक्षा घेतात. मग शिकवणाऱ्या कॅप्टनशेजारी उजव्या खुर्चीत बसून महिनोन्महिने काम. पुढच्या वरच्या परवान्याला १,५०० तास भरावे लागतात. पहाटे तीनला न्यायला गाडी येते, घरचे जेवण चुकते, सणाला सुटी नाही. हेही सांगितले पाहिजे.

सौदामिनी देशमुख यांचे नाव तिने मला सांगितले. १९८५ साली कोलकत्याहून सिलचरला विमान नेले, तेव्हा कॅप्टन त्या आणि शेजारी निवेदिता भसीन. सारे कर्मचारी स्त्रियाच. तेही पंख्यांचेच विमान होते.

गेल्या दिवाळीनंतर मी हैदराबादला तिच्याकडे राहिले आणि परत येताना कोल्हापूरपर्यंत तिच्याच विमानात बसले. मागच्या दाराने चढले. पंख डोक्यावर असल्यामुळे खिडकीतून खालचे सगळे दिसते. पंखे सुरू झाले तेव्हा मी खुर्ची घट्ट धरली. उजळाईवाडी जवळ आली तशी पंचगंगा दिसली आणि मग ऊसच ऊस, हिरवेगार. त्यातच कुठेतरी आमची दीड एकर असेल. आता ती दुसऱ्याची. मला वाईट वाटेल असे वाटले होते. पण पुढे लेक विमान उतरवत होती, आणि मी शेतही पाहात होते आणि पंखाही. चाके टेकली तेव्हा धक्कासुद्धा लागला नाही.

ज्यांच्या मुलींना हे शिकायचे आहे त्यांना माझे सांगणे थोडकेच. पहिल्यांदा डॉक्टरी तपासणी, मगच फी भरा. परवान्यानंतर नोकरी लागायला वर्षे जाऊ शकतात, तेवढ्या हप्त्यांची सोय आधी करा. सगळे विकून मोकळे होऊ नका. आम्ही केले ते सर्वांना झेपेल असे नाही. लहान कंपनी, लहान विमान म्हणून नाक मुरडू नका. आणि वाट पाहण्याचे दिवस आले तर माझ्यासारखे खोटे बोलू नका. मुलीला आपल्या खोट्याचे ओझे होते.

कर्ज अजून फिटायचे आहे. भिशी मात्र मी वेळेवर भरते!