आज कुठं अडलीस?

माझी लेक तिसरीपर्यंत 'हुशार' होती. मीच गावभर सांगायची. चौथीत फळ्यावर भागाकार चुकला, वर्गात हसं झालं, आणि पोरीनं हात वर करणंच सोडलं. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायला लागली. मी ओरडले, तर म्हणाली, "पुन्हा चुकले तर मी हुशार नाही ना?"

तिच्या बाईंनी वही समोर घेतली. "इथपर्यंत बरोबर आलीस. पुढं कुठं अडलीस?" रोज एकच गणित. महिन्याभरानं हात पुन्हा वर गेला.

याचा अभ्यासही झालाय. अमेरिकेत १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. 'हुशार' म्हटलेली मुलं अवघड कामाला बिचकली. मेहनतीचं कौतुक झालेली त्याला भिडली.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. पुढच्या बैठकीत मार्कांआधी विचारा, "माझं मूल वर्गात प्रश्न विचारतं का?" आणि आज संध्याकाळी चुलीपाशी लेकीला विचारा, "आज कुठं अडलीस?"