शब्दाचा धनी कोण?



१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावर त्या दिवशी मुंबईत अंत्यसंस्कार झाले. मुंबई बंद होती, आजूबाजूची शहरेही बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. तिथल्या एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. शहर आदराने नव्हे, भीतीने बंद आहे, असा त्यांचा आशय होता. तिच्या मैत्रिणीने त्या ओळींना ‘लाइक’ दिले. बघता बघता जमाव जमला आणि मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मजकूर काढून टाकला, माफी मागितली, तरी दोघींवर गुन्हा दाखल झाला आणि त्यांना अटक झाली. एकीचा गुन्हा लिहिण्याचा, दुसरीचा नुसते बोट टेकवण्याचा. जामीन मिळाला तो प्रत्येकी १५ हजार रुपयांचा.

पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटलाही मिटला. पण ठाणे जिल्ह्यातल्या त्या चार ओळी दिल्लीपर्यंत गेल्या. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने या दोघींवर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. रद्द झालेल्या या कलमाखाली देशात त्यानंतरही गुन्हे नोंदवले जात राहिले. या कलमाखाली कुणावरही कारवाई करू नका, असे ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

आता दुसरी घटना. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात व्हॉट्सॲपवरून आधीच पसरले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण गावात दिसले आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ती माणसे होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना महाराष्ट्राच्या दारात पीठ मिळाले, त्यांना त्या दिवशी त्याच महाराष्ट्रात मरण मिळाले.

पालघरच्या ओळींखाली लिहिणारीचे नाव होते. राईनपाड्याच्या संदेशाखाली कुणाचेच नव्हते. जिचे नाव होते तिला शोधायला जमावाला काही तास पुरले. ज्याला नाव नव्हते तो संदेश कुणी लिहिला, हे विचारायला पाच माणसे मरेपर्यंत कुणी थांबले नाही. समाजमाध्यमे वापरावीत की नाही, आणि वापरायची तर कशासाठी, हा आजचा विषय आहे. त्याचे उत्तर यंत्रात शोधण्यात अर्थ नाही. मराठीत एक जुना शब्द आहे: धनी. शब्दाला धनी आहे का, आणि त्या धन्याला उलट प्रश्न विचारता येतो का, यावरून हा प्रश्न सोडवावा, असे या व्यासपीठावरून सांगायचे आहे.

मुळात ही माध्यमे वापरायलाच हवीत, अशी सक्ती कुणावरही नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. हे कुठल्या कायद्याने झालेले नाही, गावाने एकत्र बसून केलेले आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली, ती कायद्याने. दोन्हींत वडगावची रीत अधिक मोलाची वाटते. तिथे मुलांबरोबर मोठ्यांनीही फोन खाली ठेवला.

डोंबिवलीकरांना तर माणसे जमवायला यंत्र लागत नाही हे चांगले ठाऊक आहे. १९९९ च्या गुढीपाडव्याला श्री गणेश मंदिर संस्थानाने डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. फेसबुक निघायला पाच वर्षे होती, व्हॉट्सॲप यायला दहा. तरी ती कल्पना ठाण्यात गेली, गिरगावात गेली आणि राज्यातल्या किती तरी शहरांनी ती आपली मानली. दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून डोंबिवलीच्या फडके रोडवर जमणारी तरुण मंडळी कुणाच्या निमंत्रणाने येत नव्हती. तिथे जाऊन उभे राहिले की शाळेतला मित्र भेटणारच, एवढा भरवसा पुरत होता. म्हणून ‘समाजमाध्यमांशिवाय माणसे येत नाहीत हो’, ही कार्यक्रमांच्या संयोजकांची सबब पूर्ण खरी मानू नये.

मग ही माध्यमे कशासाठी? २७ जुलै २०१९ ची पहाट आठवावी. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. रूळ दिसेनासे झाले, डब्यांभोवती पाणी चढत होते. प्रवाशांनी डब्यातूनच चित्रफिती काढून पाठवल्या. आम्ही अमुक गाडीत आहोत, पाणी इथवर आले आहे, डब्यात गरोदर बायका आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आले, आसपासचे गावकरी धावले. हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर निघाले, त्यांत नऊ गरोदर महिला होत्या. डब्यातून बोलणारा माणूस स्वतः त्या पाण्यात होता. तो कुठे आहे, काय पाहतो आहे, हे सारे तपासता येत होते. तिथे हे माध्यम जीव वाचवण्याच्या कामी आले.

रोजच्या लोकलचेही तेच. कल्याण-डोंबिवलीच्या फलाटावर उभा असलेला माणूस एम-इंडिकेटर या ॲपवर विचारतो, गाडी कुठवर आली? पुढच्या स्थानकावरचा अनोळखी माणूस उत्तर देतो. त्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा शब्द दहा मिनिटांत खरा-खोटा होतो, कारण गाडी येते किंवा येत नाही.

साहित्याच्या बाबतीत मात्र गाडी कधीच येत नाही, आणि खोटा शब्द वर्षानुवर्षे फिरत राहतो. या सभेतल्या प्रत्येकाच्या फोनवर पु. ल. देशपांडे यांच्या नावाने एखादा उतारा आलेला असेल. व. पु. काळे यांच्या नावावर तर इतकी वाक्ये फिरतात की त्यांतले खरे वपु निवडणे कठीण व्हावे. कुसुमाग्रजांच्या नावाने येणाऱ्या कित्येक कवितांची भाषा पहिल्या दोन ओळींतच सांगून जाते की ही त्यांची नव्हे. पाठवणाऱ्याच्या मनात पाप नसते. त्याला ओळी आवडलेल्या असतात, मोठे नाव दिसल्यावर भरवसा बसतो. पण यात दोन माणसांवर अन्याय होतो. ज्याने लिहिले नाही त्याच्या गळ्यात सुमार मजकूर पडतो, आणि ज्याने खरेच लिहिले त्या पुण्या-नाशिकच्या नाही तर अंबरनाथच्या कुणा नवख्या कवीचे नाव कायमचे पुसले जाते.

मराठीला हे दुखणे नवे नाही. नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, पदरच्या ओव्या घुसल्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असे शेवटी निक्षून बजावले. ठाण्याला तर या कामाची स्वतःची परंपरा आहे. वि. ल. भावे यांनी १८९३ साली तिथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिताना जुनी हस्तलिखिते गोळा करायची, कोणती रचना कुणाची हे निरखून ठरवायचे, हा त्यांचा ध्यास होता. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याही आधीचे, १८६४ चे. ज्या पट्ट्यात शब्दाचा धनी शोधण्यासाठी एक माणूस आयुष्यभर हस्तलिखिते धुंडाळत राहिला, तिथेच आज कवीचे नाव न पाहता कविता पुढे ढकलली जाते, हे सलते.

कवितेत निदान कवीचे नाव चुकलेले असते. प्रकाशकाच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली जाते तेव्हा नाव बरोबर असते आणि लेखकाचे मानधन बुडते. त्यावर वेगळे काय बोलायचे! ती चोरी आहे, आणि १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने ती गुन्हाच आहे.

गट चालवणाऱ्या ग्रंथपालांना एक भीती वाटते, कुणी काही भलते टाकले तर आपण अडकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. त्यात त्याचा हात किंवा संगनमत असायला हवे. न्यायालयानेही जबाबदारी लिहिणाऱ्याच्या पदरात ठेवली. व्हॉट्सॲपने राईनपाड्यानंतर भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी. यंत्राने आपल्या परीने वेग कमी केला. संदेश खरा की खोटा, हे तपासणे त्याच्या हाती नाही.

म्हणून ज्या लेखकाला शांतपणे लिहायचे आहे, त्याने समाजमाध्यमांवर खाते उघडले नाही तरी त्याचे वा मराठीचे काहीच अडणार नाही. त्याला मागास म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. ज्या वाचनालयाला नवी पुस्तके आल्याचे कळवायचे आहे, ज्या कवीला स्वतःच्या नावाने कविता वाचकांपुढे ठेवायची आहे, ज्या रहिवाशाला रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो ठिकाणासह महापालिकेला दाखवायचा आहे, त्यांनी ही माध्यमे जरूर वापरावीत. आणि पालघरच्या मुलीसारखे कुणी स्वतःच्या नावाने, न पटणारे का असेना, काही लिहिले, तर या सभेने तिच्या बाजूने उभे राहावे.

उद्या सकाळी मोठ्या कवीच्या नावाने एखादी कविता फोनवर येईल. ती लगेच पुढे पाठवू नये. ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयात, कल्याणच्या वाचनालयात किंवा डोंबिवलीत जवळ असेल त्या ग्रंथालयात जावे. त्या कवीचे संग्रह मागून घ्यावेत आणि कविता त्यांत आहे का ते पाहावे. सापडली तर संग्रहाचे नाव आणि पान क्रमांक लिहून मगच ती पुढे पाठवावी. नाही सापडली, तर ज्याने ती पाठवली त्याला फोन करून तसे सांगावे.