मार्फा गावचे पाइसानो

एखाद्या लहान गावाचा इतिहास जाणून घ्यावयाचा झाल्यास तेथील भर बाजारातील जुनी इमारत पाहावी. राजवाडे आणि किल्ले सत्ताधाऱ्यांची हकीकत सांगतात; धर्मशाळा, चावडी आणि खानावळ गावाच्या आशा-निराशेची हकीकत सांगतात. अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या मार्फा गावातील 'पाइसानो' हे हॉटेल अशाच वास्तूंपैकी एक होय.

मार्फा हे पश्चिम टेक्ससच्या उंच माळरानावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,७०० फुटांवर वसले आहे. १८८३ साली आगगाडीच्या इंजिनांना पाणी पुरविण्याचे ठाणे म्हणून त्याचा जन्म झाला. तीन वर्षांनी तेथे घुमटाचे भव्य न्यायालय उभे राहिले आणि ते परगण्याचे मुख्य ठिकाण बनले. भोवताली मैलोगणती कुरणे. गुरांची पैदास हाच मुख्य व्यवसाय. गुरांचे मालक, व्यापारी आणि पक्षकार यांची गावात सतत ये-जा असे.

१९२३ साली पश्चिम टेक्ससमध्ये खनिज तेलाचा मोठा साठा हाती लागला आणि त्या साऱ्या मुलखाच्या आशा पालवल्या. मार्फाचे लोकही त्याला अपवाद नव्हते. अशा दिवसांत न्यायालयापासून हाकेच्या अंतरावर एक उत्तम हॉटेल बांधण्याचे ठरले. एल पासो येथील नामांकित वास्तुशिल्पी हेन्री ट्रॉस्ट यांच्या पेढीने त्याचा आराखडा केला. स्पॅनिश वळणाच्या कमानी, गिलाव्याच्या भिंती, रंगीत फरशा आणि मध्यभागी कारंजे असलेला चौक अशी ती रचना होती. 'पाइसानो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'आपल्या मुलखाचा माणूस' असा आहे. १९३० साली त्याची दारे उघडली. परंतु १९२९ च्या ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळून महामंदीला प्रारंभ झाला होता. मार्फात तेलही निघाले नाही. ज्या भरभराटीच्या स्वागतासाठी मंडप घातला, ती पाहुणी आलीच नाही.

तथापि हॉटेल चालत राहिले. दुसऱ्या महायुद्धात गावाजवळ वैमानिकांच्या शिक्षणाचा तळ आला आणि काही काळ गजबज वाढली. युद्ध संपताच तळ उठला. १९५० नंतर तर टेक्ससला अनेक वर्षे भीषण अवर्षणाने ग्रासले. त्याच काळात, १९५५ च्या उन्हाळ्यात, दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी 'जायंट' या चित्रपटाच्या बाह्यचित्रीकरणासाठी मार्फाची निवड केली. एलिझाबेथ टेलर, रॉक हडसन आणि जेम्स डीन हे नटनटी गावात आले आणि पाइसानो हे त्या साऱ्या लवाजम्याचे मुख्य ठाणे झाले. गावातील अनेकांना चित्रपटात किरकोळ कामे मिळाली. चित्रपटाची कथा टेक्ससच्या गुरेवाल्यांची आणि जमिनीत सापडलेल्या तेलाची होती. मार्फाच्या भूमीत तेलाचे कारंजे उसळले, ते केवळ पडद्यावर! चित्रपट १९५६ साली प्रदर्शित झाला. तत्पूर्वीच, ३० सप्टेंबर १९५५ रोजी, जेम्स डीन मोटारीच्या अपघातात मृत्यू पावला होता.

या कीर्तीने हॉटेल तरले, अशी कोणाची समजूत होईल. पण कीर्तीने छपराची गळती थांबत नाही. गावाची वस्ती घटत गेली. १९३० साली ती सुमारे चार हजार होती. २०२० च्या शिरगणतीत १,७८८ भरली. आगगाडी आजही गावातून धावते, पण प्रवाशांसाठी तेथे थांबत नाही. १९७८ साली सरकारने ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत हॉटेलची नोंद केली. हा गौरव खरा. परंतु नोंदीने इमारतीला मान मिळतो, गिऱ्हाईक मिळत नाही. अखेर करांची थकबाकी साचली आणि २००१ साली तिचा जाहीर लिलाव झाला. ज्या न्यायालयाच्या आधाराने हॉटेल उभे राहिले, त्याच न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्याची बोली लागली.

ती बोली शेजारच्या फोर्ट डेव्हिस गावात हॉटेल चालविणाऱ्या एका दांपत्याने जिंकली. त्यांनी वास्तूची डागडुजी केली आणि तिचा मूळ उद्योग पुन्हा सुरू केला. काळही अनुकूल होता. डोनाल्ड जड या शिल्पकाराने १९७० नंतरच्या दशकात मार्फात बस्तान बसविले होते आणि ओस पडलेल्या लष्करी इमारतींत त्यांनी स्थापिलेली कलासंस्था १९८६ पासून लोकांना खुली झाली होती. गुरांच्या व्यापाऱ्यांची जागा कलारसिक प्रवाशांनी घेतली. पाहुणे बदलले, पण पाहुण्यांना निवारा देण्याचे काम तेच राहिले.

व्हॅन हॉर्न गावातील 'एल कॅपिटान' हे याच काळचे आणि याच वास्तुशिल्पींचे भावंड. मध्यंतरी तेथे बँक थाटली गेली. पुढे याच दांपत्याने ते घेऊन त्याचे पुन्हा हॉटेल केले. या दोन इमारतींची कहाणी जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा विचार करणाऱ्या कोणालाही बोधप्रद वाटेल. नटांची कीर्ती आणि सरकारी नोंद यांमुळे लोकांचे लक्ष वेधले जाते. परंतु वास्तू जगते ती रोजच्या वापराने, आणि तिची झाडलोट, दुरुस्ती व करभरणा आपल्या शिरावर घेणाऱ्या माणसांमुळे. ती माणसे त्याच मुलखाची निघाली, म्हणून पाइसानो हे नाव सार्थ झाले.