निर्जन गावाचा कारभारी



'महापौर' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्यासारखी महानगरे उभी राहतात. फ्रान्समध्ये मात्र पॅरिसचा महापौर आणि पन्नास-साठ उंबऱ्यांच्या खेड्याचा प्रमुख या दोघांचे पदनाम एकच आहे : 'मेर'. इतकेच नव्हे, तर पॅरिसला आपला निर्वाचित मेर १९७७ साली मिळाला. खेड्यांना तो अधिकार जवळजवळ शतकभर आधी लाभला होता.

राज्यक्रांतीच्या वर्षी, १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने, बहुतांशी चर्चच्या जुन्या ग्रामसीमांवरच 'कोम्यून' हे स्थानिक स्वराज्याचे घटक निर्माण झाले. आज त्यांची संख्या ३५ हजारांच्या घरात आहे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक कोम्यूनची वस्ती ५०० च्या आत आहे. गावकरी परिषद निवडतात, परिषद मेर निवडते. हा मेर गावाचा प्रतिनिधी असतो, तसाच शासनाचाही. जन्म-मृत्यूची नोंद त्याच्याकडे, विवाहही तोच तिरंगी पट्टा परिधान करून लावतो. चर्चमधील विवाहास कायद्याची मान्यता नाही. रस्ते, स्मशानभूमी, प्राथमिक शाळेची इमारत हीही त्याचीच जबाबदारी. दिमतीला बहुधा एकच सचिव. तोही आठवड्यातून काही तास येणारा.

इतकी लहान गावे ठेवावीत कशाला, हा प्रश्न तेथेही विचारला जातो. १९७१ च्या कायद्याने एकत्रीकरणाचा प्रयत्न झाला, पण गावांनी त्यास फारशी दाद दिली नाही. पुढे २०१५ च्या कायद्याने गावांच्या संघांना अधिक अधिकार दिले. दोनशे वस्तीच्या गावास पाणीपुरवठ्याचा खर्च एकट्याने पेलत नाही, हे खरेच. परंतु निर्णय संघाच्या बैठकीत होऊ लागले आणि मेरकडे केवळ पट्टा उरतो की काय, ही चिंताही तितकीच खरी आहे.

मग गाव म्हणजे नेमके काय? वस्ती? उत्पन्न? याचे एक उत्तर फ्रान्सने व्हर्दूनच्या रणभूमीवर देऊन ठेवले आहे. १९१६ च्या संग्रामात तेथील गावे तोफांच्या माऱ्याने जमीनदोस्त झाली. भूमी स्फोटकांनी आणि अस्थींनी इतकी भरली की फ्लरीसह सहा गावे पुन्हा वसलीच नाहीत. तथापि शासनाने ती नकाशावरून पुसली नाहीत. १९१९ च्या कायद्याने त्यांच्यासाठी तीन जणांचे मंडळ नेमण्याची तरतूद केली. त्याच्या अध्यक्षास मेरचे अधिकार असतात. मतदार नसल्याने तो निवडला जात नाही, नियुक्त होतो. लोकसंख्या शून्य, पण गावाचे नाव आहे, सीमा आहे आणि दरवर्षी होणारा स्मरणविधीही आहे.

हिशेबाच्या वहीत अशा गावास स्थान नाही. पण राष्ट्र केवळ हिशेबावर उभे राहत नाही. ज्या गावाने सर्वस्व वेचले, त्याचे नाव तरी राखावे, इतकी कृतज्ञता त्या देशाने दाखविली. मात्र जेथे चूल अजून पेटते आहे, त्या गावांचे केवळ नाव राखून भागणार नाही. त्यांच्या हाती कारभारही राहिला पाहिजे. फ्रान्सपुढचा खरा प्रश्न हाच आहे.