पैशाचं पंचांग



उन्हाळ्यात आपल्याकडे गिऱ्हाईक ऊन उतरल्यावरच बाहेर पडतं. दुपारभर रिकामं बसून संध्याकाळी दोन पैसे मिळायची वेळ झाली, आणि नेमकी तीच वेळ तुम्ही या व्याख्यानाला दिली आहे. म्हणून 'मेहनत करा, यश मिळेल' असलं काही मी सांगणार नाही. मेहनतीत बल्लारपूरचा दुकानदार कुठेच कमी नाही. बरीच वर्षं मी या जिल्ह्यातल्या लहान दुकानदारांचे आणि वर्कशॉपवाल्यांचे हिशेब पाहतो आहे. सकाळी आठला शटर उघडून रात्री दहाला ओढणारा माणूस वर्षाच्या शेवटी बँकेकडून आणखी पैसे मागतो, हे मला सारखं दिसतं. विक्री वाढलेली असते, पण हातात काही नसतं. आज बोलायचं आहे ते याबद्दल.

आधी आपलं गाव पाहू. कोळशाची खाण, दिल्ली-चेन्नई मार्गावरचं जंक्शन, १९४५ साली उभी राहिलेली कंपनी आणि तिची पेपर मिल, वनविभागाचे सागवानाचे डेपो. यातलं काहीच आपण लहान व्यापाऱ्यांनी उभं केलेलं नाही. मोठ्यांनी उभं केलं आणि आपण त्यांच्या आसऱ्यानं वाढलो. मिलच्या पगाराच्या तारखेवर किराणा चालला, खाणीच्या वर्क ऑर्डरवर वेल्डिंगची दुकानं चालली. यात गैर काही नाही. पण जानेवारी २०२० मध्ये मिलची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली, आणि त्याआधीची काही वर्षंही गावाला जड गेली होती. त्या काळात कोण टिकलं आणि कोण मोडलं, हे तुमच्यातल्या अनेकांनी जवळून पाहिलं आहे. माझ्यासमोर ज्या वह्या आल्या, त्यांत एक गोष्ट ठळक होती. ज्याची निम्म्याहून जास्त विक्री एकाच दारात होती तो आधी मोडला, मग तो कितीही कष्टाळू असो. म्हणून घरी गेल्यावर पहिलं काम हे करा. वर्षभराची विक्री गिऱ्हाईकवार मांडा. एकाच नावापुढे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम दिसली, तर पुढच्या वर्षाचं पहिलं काम म्हणजे दुसरं गिऱ्हाईक शोधणं. नवं मशीन त्यानंतर.

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात पैसा बारा महिने सारखा वाहत नाही. वेकोलिच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पगार महिन्याला होतो आणि बोनस दसऱ्याच्या सुमारास येतो. राजुरा-कोरपन्याकडे कापसाचा पैसा दिवाळीनंतर सुरू होतो. मूल, सिंदेवाही, नागभीडकडे धान असतं, तिथले चुकारे हिवाळ्यात आणि कधी कधी त्याहून उशिरा. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, तेव्हा मराठवाडा-तेलंगणातून माणसं येतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे फड लागतात आणि गोंडपिपरीपासून गडचिरोलीपर्यंत मजुरांच्या घरात रोख येते. सरकारी ठेकेदाराची बिलं मार्च एंडिंगला निघतात. पावसाळ्यात वर्धा नदीला पूर आला की राजुऱ्याचा रस्ता बंद होतो आणि पलीकडचं गिऱ्हाईक पलीकडेच राहतं.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण ते तुमच्या खरेदीत उतरलेलं मला दिसत नाही. लग्नाचा मुहूर्त आपण पंचांग पाहून काढतो आणि माल मात्र एजंट दारात आला त्या दिवशी भरतो. स्कीम आहे, दहावर एक फुकट आहे, म्हणून भरतो. एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे रकाने आखा. वर लिहा, या महिन्यात माझ्याकडे कुणाचा पैसा येतो. खाली लिहा, या महिन्यात माझा पैसा कुठे जातो: जीएसटी, दुकानभाडं, जूनमधली पोरांची फी, दिवाळीत नोकरांना द्यायचं. ज्या महिन्यात खालची बाजू जड, तो महिना आधीच कळला तर चार महिने आधी तजवीज करता येते. तो अचानक आला तर खाजगी सावकाराचा दरवाजा दिसतो, आणि तिथल्या व्याजाचा आकडा मी या सभागृहात उच्चारू इच्छित नाही.

ताडपत्रीचं उदाहरण घ्या. ताडपत्री आणि पत्रे मे-जूनमध्ये विकले जातात. ज्यानं एप्रिलमध्ये अंदाजानं दुप्पट माल भरला, त्याचा उरलेला माल जुलैपासून पुढच्या मेपर्यंत गोदामात पडून राहतो. नफा कागदावर दिसतो आणि पैसा ताडपत्रीच्या घड्यांत अडकलेला असतो.

इथे थोडं गणित करू. समजा तुमचं मालात गुंतलेलं भांडवल सहा लाख आहे आणि सगळा खर्च जाऊन प्रत्येक फेरीला दहा टक्के सुटतात. माल वर्षात चारदा फिरला तर दोन लाख चाळीस हजार मिळाले. तोच माल सहादा फिरला तर तीन लाख साठ हजार. दुकान तेच, भांडवल तेच, भाव तेच. वाढलेली एक लाख वीस हजारांची कमाई फक्त पैसा लवकर परत आल्यामुळे झाली. उत्पादकता म्हणतात ती लहान धंद्यात बहुतेक वेळा हीच असते. म्हणून गोदामात जा आणि सहा महिने हात न लागलेला प्रत्येक डाग बाहेर काढा. खरेदीच्या भावात विका, गरज पडली तर त्याखालीही विका. मनाला लागतं, हे मी जाणतो. पण तो पैसा मोकळा होऊन चालत्या मालात गेला, तर दोन-तीन फेऱ्यांत घट भरून निघते.

जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो नावाचा अभियंता होता. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच मागवायचं, ही त्याची पद्धत आज जगभर शिकवतात. ती कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. फळीवरून जेवढं गेलं तेवढंच पुन्हा भरायचं. म्हणजे जगातल्या एका मोठ्या कारखान्यानं दुकानदाराकडून धडा घेतला. आपण दुकानदार असून तो विसरायचं कारण नाही.

आता उधारी. याबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. दहा टक्के नफ्याच्या धंद्यात एक लाखाची उधारी बुडाली, तर त्यात तुमची स्वतःची खरेदी नव्वद हजारांची गेली. ते नव्वद हजार परत कमवायला नऊ लाखांची विक्री करावी लागते, आणि तीही रोखीनं. नात्याची, गावाची, शेजाऱ्याची उधारी पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, इथे राहून ते जमत नाही. पण उधारीला तारीख हवी. तेंदूच्या मजुराला जूनची तारीख द्या, धानवाल्याला जानेवारीची. त्याच्या हातात पैसा येतो त्या आठवड्यात आठवण करा, दोन महिन्यांनी नव्हे. मागायला लाजणारा दुकानदार गिऱ्हाईकही गमावतो. देणेकरी तोंड चुकवायला दुसऱ्या दुकानात जातो, आणि तिथे रोखीनं घेतो.

मोठ्या कंपन्यांना आणि ठेकेदारांना माल किंवा सेवा देणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, नीट लिहून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुलभीकरण परिषदेकडे (फॅसिलिटेशन कौन्सिल) ऑनलाइन करता येते. शिवाय २०२३ मध्ये आयकर कायद्यात बदल झाला. खरेदीदारानं मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये त्यांच्या हिशेब विभागालाच तुमचं बिल आठवू लागतं.

पण यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि ती माल देण्याच्या आधी झालेली हवी. नोंदणी फुकट आहे, घरबसल्या होते, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. माल पोचल्याची सही आणि तारीख घ्या, कारण मुदत तिथून मोजतात. एक मर्यादाही सांगतो. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नोंदणी करता येते, पण तिचा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच मिळतो, ४५ दिवसांचं संरक्षण मिळत नाही. ते वेल्डिंग, मशीन दुरुस्ती, फॅब्रिकेशन, केटरिंग असं उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यांना आहे. 'कंपनी नाराज होईल' ही भीती मी रोज ऐकतो. व्याज मागू नका हवं तर, पण बिलावर मुदत छापायला कुणी नाराज होत नाही.

आता धंदा वाढवण्याकडे येतो. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान आपल्या बल्लारपूरच्या डेपोतून निघालं. पूजा झाली, मिरवणूक झाली, मन भरून आलं. दारं घडवली ती मात्र हैदराबादच्या संस्थेनं, आणि कोरीव काम केलं तामिळनाडूच्या कारागिरांनी. त्यांचं कौतुकच आहे. पण लाकूड आपलं आणि कोरणारा हात दुसऱ्या राज्याचा, ही गोष्ट मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही. आपल्या धंद्यातली पुढची पायरी कोणती, हे प्रत्येकानं विचारायला हवं. सॉ मिलवाल्याची पुढची पायरी चौकट, चौकटवाल्याची कोरीव दार. बांबूसाठी जवळच चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, २०१४ पासूनचं. दुकान दुप्पट मोठं करण्यापेक्षा मालावर आणखी एक हात फिरवणं बहुतेकदा स्वस्त पडतं.

आणि वाढ म्हणजे दरवेळी काहीतरी जोडणंच नव्हे. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव तुम्हाला माहीत आहे. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. मिलिंद बोकील यांनी त्या गावावर पुस्तक लिहिलं आहे. त्या गावानं तेंदूपत्ता तोडायचं बंद केलं. हातात येणारा रोख पैसा सोडला, गरीब गावानं. कारण पत्त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि आगीत त्यांचा मुख्य माल, म्हणजे बांबू जळतो. एक मिळकत दुसरीला खात होती, ते त्यांनी ओळखलं आणि सभेत बसून ठरवलं. आपल्याकडे मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स, कुरिअर, थंड पाणी, सगळं एकाच काउंटरवर असतं. त्यातलं काय तुमच्या मुख्य धंद्याला खातं, कुठल्या गिऱ्हाइकाच्या पाच रुपयांपायी पाचशेचं गिऱ्हाईक उभं राहून निघून जातं, हे एक आठवडा वहीत टिपून पाहा.

शेजारचा प्रतिस्पर्धीही वाईट नसतो. आपल्या गोंदिया रेल्वे लाइनवरचं वडसा पाहा. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या तिथे ओळीनं पाट्या लावून बसतात. गावोगावची मंडळं तिथेच येतात, कारण एका फेरीत दहा कंपन्यांची नाटकं आणि तारखा बघता येतात. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा हंगाम, रात्ररात्र प्रयोग. त्यामागे छापखाना आला, पडदेवाला आला, मंडपवाला आला, गाड्या आल्या. एकटी कंपनी दुसऱ्या गावात स्वस्त जागा घेऊन बसली असती तर मंडळ तिथवर गेलं नसतं. फर्निचरवाल्यांनो, फॅब्रिकेशनवाल्यांनो, तुम्ही एकमेकांची दारं चुकवता. त्याऐवजी एक रस्ता 'दाराचा रस्ता' म्हणून चंद्रपूर-राजुऱ्याच्या माणसाच्या तोंडी बसवता आला, तर सगळ्यांचं गिऱ्हाईक वाढेल.

कर्जाबद्दल थोडक्यात. दहा वर्षं टिकणारी वस्तू मुदत कर्जातून घ्या, माल सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटमधून. सीसीच्या पैशानं गाडी घेतली की मालाला पैसा उरत नाही आणि गाडी उभी राहते. मुद्रा योजनेची मर्यादा, आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी, आता २० लाखांपर्यंत आहे. पण त्या बारा रकान्यांच्या कागदाशिवाय बँकेत जाऊ नका. तो कागद टेबलावर ठेवलात, तर व्यवस्थापकाशी बोलणं बदलतं.

शेवटचं सांगतो, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. पाचगावात हिशेब ग्रामसभेसमोर वाचला जातो. आपल्या दुकानांत हिशेब मालकाच्या डोक्यात असतो. उधारी कुणाकडे किती, आगाऊ पैसे कुणाला दिले, कोणत्या चेकची तारीख कधीची, हे घरात कुणालाच माहीत नसतं. कोरोनाच्या काळात अशी घरं मी पाहिली आहेत. माणूस गेला, आणि वहिनी वही घेऊन बसल्या; त्यात फक्त आकडे, नावांच्या जागी खुणा. घेणं होतं, पण मागायचं कुणाकडे ते कळेना. घेणेकरी मात्र रोज दारात. येत्या सुटीच्या दिवशी पत्नीला, मुलाला, मुलीला, जो कुणी घरात समजूतदार असेल त्याला घेऊन बसा. पूर्ण नावं, मोबाइल क्रमांक, रक्कम, तारीख लिहा. बँकेच्या खात्यांवर आणि विम्यावर नॉमिनी लावला आहे का पाहा. मग यादी मोठ्यानं वाचा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. यादीची एक प्रत दुकानात नाही, घरात ठेवा.